मागीलदारी तीन घरटी आणि 10 मेला शाकारणी, काय करावं?

कोरांटी | 16 एप्रिल, सकाळी 8.10

चिपळूणजवळ कौलारू घर आहे. मागीलदारी सध्या एकदम तीन घरटी आहेत आणि तिन्ही आमच्या कामाच्या वाटेत. माहिती जेवढी देता येईल तेवढी देते.

पहिलं शिपाई बुलबुलाचं, जास्वंदीत. जमिनीपासून साडेचार फूट, स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून आठ पावलं. पहिलं अंडं 12 तारखेला दिसलं, 14 ला तीन झाली. दुपारी दीड-दोननंतर पश्चिमेचं ऊन थेट घरट्यावर येतं.

दुसरं शिंजिराचं, कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीवर लोंबतंय. आतली अंडी दिसत नाहीत, पण मादी साधारण 9 तारखेपासून आत बसते, बाहेरून फक्त चोच दिसते.

तिसरं दयाळाचं. वळचणीखाली चिऱ्याच्या भिंतीत वाशाच्या टोकाशी एक पोकळी आहे, तिथे मादी 12 तारखेपासून गवत आणि मुळं नेते आहे.

अडचणी अशा: शाकारणीची, म्हणजे पावसाआधी कौलं काढून परत नीट लावणारी, माणसं 10 मेला यायची ठरली आहेत. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आहे, फवारणी करायची होती. शेजारची मांजर रोज फिरते. जास्वंदीच्या बुंध्यावर काल ओंबील (झाडावरच्या लाल मुंग्या) दिसले. आणि बुलबुलाची अंडी सकाळी दोनदा पाहिली तेव्हा मादी घरट्यात नव्हती. तिने अंडी सोडली असतील का? घरटं सावलीत हलवलं तर चालेल का?

---

वळचण | 16 एप्रिल, सकाळी 9.45

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त घरटी वाया जातात. घरटं हलवायचं नाही. एक फूटही नाही. बुलबुल घरट्याची जागा लक्षात ठेवतो, घरटं नव्हे. दोन फुटांवर तीच अंडी दिसत असली तरी मादी जुन्या जागी येऊन रिकाम्या फांदीवर बसेल.

मादी नव्हती याचं कारण साधं आहे. बुलबुल रोज एक अंडं घालतो, आणि सगळी अंडी होईपर्यंत नीट बसत नाही. तोवर अंडी गार असतात आणि तशी राहिली तरी आतला जीव मरत नाही, कारण वाढ सुरूच झालेली नसते. सगळ्या अंड्यांवर एकदम बसलं की पिल्लं जवळजवळ एकाच दिवशी निघतात, आई-बापाला भरवायला सोपं जातं. पहिल्या चार-पाच दिवसांत गार अंडी पाहून 'सोडून दिली' असं ठरवू नका. बसायला लागल्यावरही मादी खायला उठतेच. सलग दोन तास लांबून पाहिलं आणि कोणीच फिरकलं नाही तर मग शंका घ्यावी, आणि तरीही अंड्यांना हात लावू नये.

आता दिवस मोजू. हीच खरी काळजी आहे, बाकी सगळं त्यानंतर.

बुलबुल: तिसरं अंडं 14 एप्रिलला. 12 ते 14 दिवस उबवण, म्हणजे पिल्लं 26 ते 28 एप्रिलला. पुढे 11 ते 13 दिवसांत घरटं सोडतात, म्हणजे 7 ते 11 मे.

शिंजीर: अंडी बहुधा दोन. जांभळ्या पाठीचा असेल तर उबवण 14 ते 16 दिवस, पिल्लं आत साधारण 17 दिवस. 9 एप्रिलपासून धरलं तर पिल्लं 23 ते 25 एप्रिलला निघतील आणि 10 ते 12 मेच्या सुमारास बाहेर पडतील.

दयाळ: घरटं पूर्ण व्हायला अजून दोन-चार दिवस. चार-पाच अंडी, रोज एक. शेवटचं अंडं 23 एप्रिलच्या आसपास. मादी एकटी उबवते, 12-13 दिवस. पिल्लं 5-6 मेला. पोकळीत साधारण दोन आठवडे, म्हणजे 19 ते 21 मे.

थोडक्यात, 10 मेला शाकारणी म्हणजे दयाळाची पिल्लं चार-पाच दिवसांची. सगळ्यात वाईट वेळ तीच. अंगावर पिसं नाहीत, स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आईला दर थोड्या वेळाने येऊन पांघरावं लागतं. डोक्यावर दिवसभर माणसं कौलं काढत असतील तर ती येणार नाही, आणि दोन-तीन तासांत पिल्लं संपतील.

गावाकडे आगोटीची (पावसाआधीची) कामं आणि पक्ष्यांची वीण एकाच महिन्यात येतात, त्यामुळे हा पेच दरवर्षी पडतो. सुटका एवढीच की एका घरट्याचा सगळा हिशेब चार-पाच आठवड्यांत संपतो. घरटं हलत नाही, काम हलवता येतं.

---

रानजाई | 16 एप्रिल, सकाळी 11.20

शाकारणी पूर्ण पुढे ढकलायचीही गरज नाही. पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, वेगळ्या करा. माणसांना सांगा की 10 मेला पुढच्या पाखीपासून सुरुवात करायची, मागच्या पाखीचा दयाळाच्या बाजूचा तीन-चार मीटरचा पट्टा शेवटी. तो 22 मेनंतर, पिल्लं गेल्याची खात्री झाल्यावर. एवढ्या पट्ट्याला दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम.

पाऊस लवकर आला तर काय, ही भीती खरी आहे. कोकणात मोसमी पाऊस एरवी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, पण 2025 मध्ये तो 25 मेलाच आला होता. त्यासाठी ताडपत्री तयार ठेवा. राहिलेल्या पट्ट्यावर ती वरून अंथरायची, कडेला विटा किंवा रेतीच्या पिशव्या ठेवायच्या, पण वळचणीच्या खाली लोंबू द्यायची नाही. पोकळीच्या तोंडासमोर काही हललं की दयाळ येत नाही. ताडपत्रीची कड वळचणीच्या एक वीत आधीच थांबली पाहिजे.

दुसरं, माणसांना आधी जागा दाखवून ठेवा. बऱ्याचदा मालकाला माहीत असतं आणि शिडी लावणाऱ्याला नाही. शिडी बरोबर तिथेच टेकवली जाते.

---

तांबट | 16 एप्रिल, दुपारी 12.05

फवारणी थांबवलीत ते फार बरं केलंत. आता एक पाऊल पुढे: कडुनिंबाचं तेलही नको. लोक ते निरुपद्रवी समजून मारतात. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून आतला जीव श्वास घेतो. तेलाचा थर बसला की छिद्रं बुजतात. मादीच्या पोटाच्या पिसांना लागलेलं तेल तिथूनच अंड्यांना लागतं, मग थेट अंड्यावर पडायचीही गरज उरत नाही.

रासायनिक कीटकनाशकाचा परिणाम वेगळा आणि जास्त वाईट. शिपाई बुलबुल एरवी फळं खातो, पण पिल्लांना पहिले आठ-दहा दिवस मऊ अळ्या आणि किडेच भरवतो. फवारलेल्या झाडावरची सुस्तावलेली अळी पकडायला सगळ्यात सोपी, त्यामुळे तीच आधी पिल्लाच्या तोंडात जाते.

पिठ्या ढेकूण घरट्यापासून दोन मीटरच्या आतला असेल तर तसाच राहू द्या. तीन-चार आठवड्यांत जास्वंद मरत नाही. त्यापलीकडच्या फांद्यांवर जुन्या दातांच्या ब्रशने साबणाचं पाणी लावून घासा. एक लिटर पाण्याला धुण्याच्या साबणाचा चमचाभर चुरा पुरतो. फवारायचं नाही, ब्रशनेच लावायचं. ज्या फांद्या अगदी पांढऱ्या झाल्यात त्या पिल्लं गेल्यावर छाटा.

ओंबिलांकडे मात्र आज संध्याकाळपर्यंत लक्ष द्या. अंड्यांना ते सहसा काही करत नाहीत, पण पिल्लं कवचातून बाहेर पडायला लागली, ओलसर वास सुटला की तासाभरात घरटं भरून जातं. 26 तारखेच्या आत वाट तोडली पाहिजे. आधी ते कुठून येतात ते पाहा. बहुतेक वेळा शेजारच्या आंब्याची नाहीतर फणसाची एखादी डहाळी जास्वंदीला टेकलेली असते, किंवा भिंतीवरून एखादी फांदी पूल झालेली असते. जिथे टेकते तिथे, घरट्यापासून लांबच्या टोकाला, कात्रीने वीतभर कापा. मधे हातभर मोकळी हवा राहिली की पुरे. बुंध्यावरून येत असतील तर बुंध्याभोवती मातीची आळी करून त्यात दोन-तीन बोटं पाणी ठेवा, सकाळ-संध्याकाळ भरा. उन्हाने आळी चिरते, म्हणून चिकणमाती वापरा.

मुंग्यांचा खडू, पावडर, डांबरगोळ्या, फिनेल यांतलं काही नको. ग्रीसही नको. घरटं सोडताना पिल्लं धडपडत खोडावर, जमिनीवर येतात, ग्रीस पिसांना लागलं की उडणं संपलं.

---

कोरांटी | 16 एप्रिल, दुपारी 1.30

मनापासून आभार. ओंबील आंब्याच्या डहाळीवरूनच येत होते, ती कापली. शाकारणीवाल्यांशी बोलून घेते. उन्हाचं आणि मांजराचं काय करू? जास्वंदीवर हिरवी शेडनेट टाकावी का? आणि दोरीवरचं शिंजिराचं घरटं वाऱ्याने फार हेलकावतं.

---

वळचण | 16 एप्रिल, दुपारी 3.00

ऊन: चिंता रास्त आहे. अंडं 40-41 अंशांच्या वर बराच वेळ तापलं तर आतला जीव मरतो, आणि एप्रिल-मेच्या दुपारी थेट उन्हात ठेवलेली वस्तू एवढी सहज तापते. मादी त्यावेळी उबवत नसते, पंख अर्धवट पसरून छत्री धरून उभी असते, चोच उघडी ठेवून धापा टाकते. हे दृश्य दुपारी तासन् तास दिसलं तर सावली द्या. दहा-पंधरा मिनिटंच दिसत असेल तर काही करू नका.

शेडनेट द्यायची तर 50 टक्क्यांची, मीटरभर लांब-रुंद तुकडा पुरे. घरट्याच्या पश्चिमेला दोन बांबू रोवून त्यांना ताणून बांधा, घरट्यापासून किमान दोन फूट अंतर ठेवा. झाडावर अंथरू नका. अंथरलेल्या जाळीत पक्ष्याचा पाय अडकतो आणि मादीची ये-जा बंद होते. जाळी सैल फडफडली तर मादी बिथरते, म्हणून चारही कोपरे ताणलेले हवेत. हे काम मात्र आज करू नका. बसायला लागून पाच-सहा दिवस होऊ द्या. जितके दिवस मादीने घातले असतील तितकी ती घरटं सोडायला नाखूश असते, घरटं बांधताना आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सगळ्यात चटकन सोडून जाते. 19-20 तारखेला सकाळी नऊच्या सुमारास, पाच मिनिटांत उरकेल अशा बेताने करा. बांबू आधीच कापून, जाळी आधीच एका बांबूला बांधून न्या. मग वीस-पंचवीस फुटांवरून पाहा. अर्ध्या तासात मादी परतली नाही तर जाळी काढून घ्या.

शिंजीर: हेलकावे त्याला चालतात, घरटं त्यासाठीच तसं विणलेलं असतं. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे आणि कापूस यांचं ते लोंबतं घरटं लवचीक असतं. धोका दोरीचाच. नायलॉनची दोरी उन्हाने वर्ष-दीड वर्षात कुजते आणि खिळ्याशी तुटते. आजच ती दोन्ही टोकांना तपासा. झिजली असेल तर तिच्याशेजारून दुसरी नवीन दोरी ताणा आणि दोन्ही दर फूटभर अंतरावर सुतळीने एकमेकींना बांधा. घरट्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट मात्र बांधू नका. कपडे दुसरीकडे वाळवा. ओल्या चादरीचा भार पडला की दोरी खाली येते आणि कपडा काढताना झटका बसतो, घरटी पडतात ती बहुधा अशीच.

समजा पडलंच, आणि आत पिल्लं जिवंत आहेत, तर नारळाची करवंटी घ्या. तळाला तीन-चार भोकं पाडा, कडेला तीन. घरटं मोडलेलं असलं तरी उचलून जसंच्या तसं तिच्यात बसवा, तोंड पूर्वी ज्या दिशेला होतं त्याच दिशेला. तीन सुतळ्यांनी त्याच दोरीवर, त्याच जागी लटकवा. वर ऊन येत असेल तर दुसरी करवंटी उपडी करून चार बोटं वर बांधा. आणि लगेच दूर व्हा.

---

रानजाई | 16 एप्रिल, दुपारी 4.15

शेडनेटबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. चांगली लागली तर उत्तम, पण परसात एकदम उभं राहिलेलं हिरवं कापड कावळ्याच्याही लगेच लक्षात येतं. तो नवीन वस्तू तपासायला येतो आणि घरटं सापडतं. त्यापेक्षा कुंडीतलं उंच झाड पश्चिमेला सरकवणं बरं. कर्दळ, सुपारीचं रोप, कुंडीतली केळ, काहीही. एकदम घरट्याशेजारी ठेवू नका. आज पाच फुटांवर, उद्या चार, असं तीन दिवसांत दोन फुटांवर आणा. झाडाला झाड लागलं की कोणालाच वेगळं वाटत नाही. कुंडी जड असेल तर गोणपाटावर ठेवून ओढा.

पण जास्वंदीची पानं मात्र बाजूला बांधू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही. ती पानं म्हणजेच छप्पर आणि आडोसा.

मांजर: घरट्याखाली दोन-अडीच फुटांच्या घेऱ्यात बोरीच्या किंवा करवंदीच्या वाळक्या काट्या पसरा, हातभर उंच. खोडाच्या बेचक्यातही एखादी काटी अडकवा, पण घरट्यापासून दोन फूट खाली. मांजर उडी मारून चढत नाही, आधी खाली बसून अंदाज घेते. बसायला जागा नसली की निघून जाते. एका खोडाच्या झाडावर घरटं असतं तर जमिनीपासून पाच फुटांवर दीड-दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळून काम झालं असतं. जास्वंदीला खालूनच दहा फांद्या फुटतात, तिथे पत्र्याचा उपयोग नाही.

शेजाऱ्यांना एक विनंती जरूर करा: 1 मेपासून 15 मेपर्यंत पहाटे आणि तिन्हीसांजेला मांजर घरात ठेवा. बारा महिने कोणी ऐकत नाही, पंधरा दिवसांसाठी ऐकतात. पिल्लं घरट्यातून बाहेर पडून जमिनीवर उड्या मारत असतात ते दोन-तीन दिवस सगळ्यात घातक.

मासे धरायचं जुनं जाळं कुंपणाला किंवा झाडाला टाकू नका. धामण त्यात अडकून मरते, पक्षीही अडकतात. धामणीने पिल्लं खाल्ली तर तो निसर्गाचा भाग आहे, तिला हाकलायला जाऊ नये. मांजर आपण आणलेली आहे, तिचा बंदोबस्त आपण करायचा.

---

तांबट | 16 एप्रिल, संध्याकाळी 6.40

कावळ्यांबद्दल. मागीलदारी मासे साफ करत असाल आणि खवले-आतडी तिथेच टाकत असाल, तर महिनाभर जागा बदला. त्या वासावर कावळा, मांजर आणि भारद्वाज तिघंही येतात आणि घरटं आपसूक सापडतं. कावळ्याला घास ठेवायची पद्धत असेल तर तो पुढच्या अंगणात ठेवा. पक्ष्यांसाठी दाणे-पाणीही घरट्याजवळ नको. त्यामुळे साळुंक्या, खारी, कावळे जमतात. पाण्याचं भांडं किमान तीस फुटांवर, पसरट मातीचं, दोन इंचांपेक्षा कमी खोल. पाणी रोज बदलायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी आतून घासायचं, नाहीतर डासांची अंडी कडेला चिकटून राहतात.

तुम्ही अंडी पाहायला जाता त्याबद्दलही सांगतो. कावळा माणसाच्या नजरेचा माग घेतो. रोज एकाच झाडापाशी थांबून आत डोकावलं की पुढच्या वेळी तो डोकावतो. पाहायचंच असेल तर तीन-चार दिवसांतून एकदा, मादी स्वतःहून उठून गेलेली असताना, अर्ध्या मिनिटापेक्षा कमी. काठीला छोटा आरसा बांधून वरून धरला की वाकावं लागत नाही. थेट घरट्यापर्यंत जाऊन परत फिरू नका, झाडावरून पुढे चालत जा, जशी रोजची ये-जा असते तशी. पावसात, भर दुपारी आणि संध्याकाळी पाचनंतर जवळ जायचंच नाही. अंधार पडताना उडालेली मादी रात्री परतत नाही आणि रात्रभरात अंडी गार पडतात. याच कारणासाठी मागच्या दाराचा दिवा रात्री एकदम लावू नका. लागलाच तर झाडाच्या बाजूला पुठ्ठ्याचा आडोसा करा.

आणि पिल्लं नऊ दिवसांची झाली, म्हणजे तुमच्या बाबतीत 5 मेच्या आसपास, की डोकावणं पूर्ण बंद. त्या वयात घाबरली की तिन्ही एकदम घरट्याबाहेर उडी मारतात. परत ठेवली तरी थांबत नाहीत, आणि अजून नीट पंख नसतात.

सगळं ठीक चाललंय हे लांबूनही कळतं. आई-बाप चोचीत अळी घेऊन येतात आणि पांढरी गोळी घेऊन जातात. ती पिल्लांच्या विष्ठेची पिशवी असते. दुर्बीण असेल तर वीस फुटांवरून दिसते. जाताना पांढरी गोळी दिसली की आत पिल्लू जिवंत आहे आणि खातंय.

---

पाणकावळा | 17 एप्रिल, सकाळी 7.30

माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते ना? मग खाली पडलेलं पिल्लू घरात आणून वाढवणंच बरं, असं सगळे सांगतात.

---

वळचण | 17 एप्रिल, सकाळी 8.50

नाही. हाताच्या वासाने बुलबुल, दयाळ, चिमणी, कोणीही पिल्लू टाकत नाही. या एका समजुतीपायी दरवर्षी धडधाकट पिल्लं खोक्यात मरतात.

पडलेलं पिल्लू दिसलं की आधी पिसं पाहा. अंग उघडं किंवा पिसांच्या जागी नुसत्या निळसर नळ्या, बोटाला पायाने पकडता येत नाही: हे घरट्यातलं पिल्लू. उचला, ओंजळीत दोन मिनिटं गरम करा आणि त्याच घरट्यात ठेवा. गार पिल्लू परत ठेवलं तर ते तोंड उघडत नाही आणि आई त्याला भरवत नाही, म्हणून आधी ऊब. घरटंच मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली किंवा प्लास्टिकची गाळणी घ्या, आत सुकं गवत दाबून वाटीसारखा खळगा करा आणि जुन्या जागेच्या दोन-तीन फुटांच्या आत, तेवढ्याच उंचीवर घट्ट बांधा. कापूस घालू नका, नखं गुंततात.

अंगभर पिसं, शेपटी बोटभर, फांदीवर बसता येतं, टुणटुण उड्या मारतं: ते पडलेलं नाही, बाहेर आलेलं आहे. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि आई-बाप त्यांना खाली झुडपात भरवतात. त्याला फार तर जवळच्या दाट झुडपात उंचावर ठेवा. मांजर असेल तर तासभर लांबून राखण करा.

घरात आणायची वेळ फक्त तेव्हा, जेव्हा पिल्लू जखमी आहे, मांजराचा दात लागलाय किंवा दोन्ही पालक मेल्याची खात्री आहे. मांजराचा दात वरून दिसत नसला तरी उपचार लागतोच, तिच्या लाळेतले जंतू एक-दोन दिवसांत पिल्लू मारतात. अशा वेळी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ सुती फडकं, एका कडेला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, आणि अंधार. चोचीत ड्रॉपरने पाणी घालू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. दूध-पाव, भात, बिस्किट काही नको. रात्री भरवायची गरज नसते, पक्षी अंधारात खात नाहीत. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि शक्य तितक्या लवकर त्यांच्याकडे किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे द्या.

कायद्याचंही लक्षात असू द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं धरलेलं आहे. चार दिवसांच्या कामासाठी घरटं काढून टाकणारे पुष्कळ असतात, त्यांना हे शांतपणे सांगितलं तर बरेचदा ऐकतात.

---

कोरांटी | 17 एप्रिल, सकाळी 10.15

शाकारणीवाले तयार झाले. पुढची पाख 10 मेला, मागचा पट्टा 23 ला. कर्दळीची कुंडी पाच फुटांवर आणून ठेवली आहे, काट्या आज संध्याकाळच्या आत पसरते. एकच उरलं: मागचा पट्टा करताना भिंतीतली ती पोकळी सिमेंटने बुजवायची आहे, पावसाचं पाणी आत झिरपतं. दयाळाला दुसरी जागा करून देता येईल का?

---

रानजाई | 17 एप्रिल, सकाळी 11.50

देता येईल. पोकळी पिल्लं गेल्यानंतर एक-दोन दिवसांतच बुजवा, कारण दयाळाला जागा आवडली तर जूनमध्ये तीच पुन्हा धरतो आणि मग पुन्हा महिनाभर थांबावं लागेल. बुजवण्याआधी विजेरीने आत पाहा. चिऱ्याच्या पोकळीत पाल, विंचू, क्वचित साप असतो, हात घालू नका.

पेटी फणसाच्या किंवा आंब्याच्या जुन्या फळीची करा, जाडी किमान 15 मिलिमीटर. पातळ प्लायवूड पावसात फुगतं आणि उन्हात आत भट्टी होते. तळ आतून 15 बाय 15 सेंटिमीटर, उंची 30. भोक 5 सेंटिमीटर व्यासाचं, तळापासून 18-20 सेंटिमीटर वर. तळाच्या चार कोपऱ्यांत 6 मिलिमीटरची भोकं पाणी जायला, छपराखाली दोन्ही बाजूंना एकेक हवेसाठी. छप्पर पुढे उतरतं, भोकाच्या पुढे 6-7 सेंटिमीटर आलेलं, नाहीतर कोकणातला तिरपा पाऊस सरळ आत येतो. भोकाखालच्या फळीला आतून करवतीने आडव्या खाचा पाडा, पिल्लांना चढायला. बाहेर बसायला दांडी लावू नका, दयाळाला ती लागत नाही आणि कावळ्याला सोय होते. आतून रंग, वार्निश नको. एक बाजू स्क्रूवर उघडेल अशी ठेवा, वर्षातून एकदा साफ करायला.

चिमण्यांसाठी वेगळी केली तर भोक 32 मिलिमीटर, तळ 12 ते 15 सेंटिमीटर, उंची 20 ते 25. दयाळाच्या 5 सेंटिमीटरच्या भोकातून साळुंकीही शिरू शकते, ते मापाने रोखता येत नाही.

तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला करा. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, ऊन पश्चिमेकडून, दोन्हींकडे पाठ. जमिनीपासून आठ-दहा फूट, भिंतीला दोन मोठ्या स्क्रूंनी घट्ट. तारेवर लोंबती ठेवली तर दयाळ घेत नाही. जुन्या पोकळीपासून पाच-सहा फुटांच्या आत लावलीत तर सापडण्याची शक्यता जास्त. आत गवत भरून ठेवू नका, फार तर वाळकी पानं मूठभर. घरट्यासाठी सामान द्यायचंच असेल तर नारळाच्या सोडणातला काथ्या बोटभर लांबीचे तुकडे करून कुंपणावर ठेवा. नायलॉनचा दोरा, केस, लोकर नको, पिल्लांच्या पायाला फास बसतो.

लावायची 23 तारखेलाच, पोकळी बुजवताना. त्याआधी भिंतीवर ठोकाठोक नको.

---

तांबट | 17 एप्रिल, दुपारी 12.30

जास्वंदीबद्दल एक राहिलं. पिल्लं गेल्यावर छाटायला घाई करू नका. बुलबुल त्याच परसात महिन्या-दोन महिन्यांत दुसरं घरटं करतो, बहुधा त्याच कुंपणात दुसऱ्या फांदीवर. मोठी छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीत ठेवा, आणि तेव्हाही कात्री लावण्याआधी आतून एकदा नजर फिरवा. शिंजीर वर्षभरात कधीही घरटं बांधतो.

रिकामं झालेलं बुलबुलाचं घरटं आठ दिवसांनी हातमोजे घालून काढा आणि खतात टाका. त्यात बारीक पिसवा राहतात, दाराजवळ असेल तर घरात शिरतात. शिंजिराचं मात्र दोरीवरच राहू द्या, त्यातली कोळ्याची जाळी नि कापूस मादी पुढच्या घरट्यासाठी ओढून नेते.